रिंगखालचं तेल

१

बास्केटबॉलच्या रिंगच्या बरोबर खाली, सिमेंटवर, ताटलीएवढा तेलाचा डाग होता आणि त्याच्या कडेला गोपाल बोरसे डावा गुडघा दोन्ही हातांनी आवळून पडला होता. तो ओरडत नव्हता. दात इतके घट्ट दाबले होते की धावत आलेल्या पोरांना आधी वाटलं, फिट आली.

अंबर सिल्क मिलच्या आवारातलं हे मैदान सुरतेत कडोदऱ्याच्या रस्त्यावर होतं. उतराण, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत, नुकतीच होऊन गेली होती. बोर्डाच्या लोखंडी पट्ट्यांत तुटका मांजा अजून लोंबत होता. गेल्याच रविवारी ह्याच गोपालच्या जोरावर अंबर मिलने लीगचा करंडक जिंकला होता. उघड्या टेम्पोतून उधन्यापर्यंत मिरवणूक निघाली होती, आणि टेम्पोच्या टपावर करंडक घेऊन गोपाल बसला होता.

प्रशिक्षक हिलाल महाजन सगळ्यांत आधी पोचले. त्यांनी गोपालला उचलून मिलच्या जीपमध्ये घातलं. जीप फाटकातून बाहेर पडते न पडते तोच कुणीतरी खांबामागून लांब चोचीची तेलाची बुधली उचलून आणली. तिच्यावर पांढऱ्या रंगाने 'सु' काढलेला होता.

"ही तर सुपडूची!"

सुपडू पवार मिलच्या विणाई खात्यात मागांना तेल घालायचं काम करायचा. शिवाय तो संघातला राखीव खेळाडू होता. दोन वर्षं बाकावर बसून होता; गोपाल खेळत होता तोवर त्याला मैदानात पाऊल टाकायला मिळणार नव्हतं.

दुपार व्हायच्या आत त्याला वॉचमनच्या खोलीत कोंडलं होतं. आणि त्याने तेल का ओतलं, हे कुणी विचारतसुद्धा नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

२

चौकशीचं काम माधवी राजहंस यांच्याकडे आलं. त्या मराठी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि लीगच्या सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहायच्या. लीगमधल्या बऱ्याच पोरांना त्यांनी शाळेत कवायत शिकवली होती, त्यामुळे पंचांना 'बाई' म्हणणारी ही बहुधा देशातली एकुलती एक लीग असावी. मिलमालकांच्या मंडळाने त्यांना निवडलं, कारण त्या कुठल्याच मिलचं काही खात नव्हत्या.

सहा मिलनी मिळून दोन वर्षांपूर्वी ही लीग काढली होती. खेळाडूंना पगार मिळायचा, आणि पगाराला मर्यादा होती. एका संघातल्या सगळ्यांचा मिळून पगार ठरलेल्या रकमेच्या वर जाता कामा नये. नाहीतर श्रीमंत मिल सगळे चांगले खेळाडू पळवील आणि सामन्यात गंमत उरणार नाही. माधवीबाईंना हा नियम ऐकताना रास्त वाटला होता. दुसरा नियम त्याहून चांगला होता. सामन्यात किंवा सरावात जायबंदी झालेल्या खेळाडूचे उपचार मिलने करायचे आणि तो बरा होईपर्यंत पगार चालू ठेवायचा. फक्त तो पगारही त्याच मर्यादेत मोजला जाणार होता.

"जुओ, बघा बेन," संघाचे मॅनेजर किरीटभाई म्हणाले, "यात चौकशीसारखं काय आहे? पोराने जळून तेल ओतलं. तुम्ही लिहून द्या, आम्ही त्याला पोलिसात देतो."

"आणि गोपालचे उपचार?"

किरीटभाईंनी चहाचा कप बशीत नीट ठेवला. "खेळताना लागलं असतं तर आम्ही केलंच असतं ना. पण हा तर गुन्हा झाला. गुन्ह्याला मिल काय करणार?"

"म्हणजे सुपडू दोषी ठरला तर तुम्ही मोकळे."

"मी कायदा सांगतो, बेन. मनावर घेऊ नका."

कचेरीतून बाहेर पडताना पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत खाटेवर एक उंच शीख तरुण बसला होता. त्याचे पाय खाटेच्या बाहेर हातभर आले होते. माधवीबाईंनी सहज विचारपूस केली. लुधियान्याहून आला होता. अंबर मिलने सेंटरच्या, म्हणजे गोपालच्याच, जागेवर त्याला बोलावून घेतलं होतं.

"कधी आलात?"

"सोमवारी, मॅडमजी."

गोपाल पडला बुधवारी सकाळी. पगाराच्या मर्यादेत दोघं बसणार नव्हते. म्हणजे जागा रिकामी होण्याआधीच तिच्यावर बसणारा माणूस येऊन थांबला होता.

३

सुपडू वॉचमनच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. माधवीबाईंना पाहताच उठून उभा राहिला, शाळेत राहायचा तसाच.

"बाई, मी नाही केलं."

"बुधली तुझी आहे?"

"माझीच. पाळी संपली, तेव्हा खात्याच्या खिडकीत ठेवली आणि तोंड धुवायला गेलो. परत येऊन बघतो तर नाही. मुकादम ओरडेल म्हणून बोललो नाही कुणाला."

"खात्यातून कोण कोण जातं-येतं?"

"सगळेच. मैदानावर जायला जवळचा रस्ता तोच ना. खेळाडू, हिलालसर, किरीटभाईसुद्धा." त्याने डोळे पुसले. "गोपालदादाने मला बॉल धरायला शिकवलं, बाई. माझ्या बहिणीच्या लग्नात तो वाढायला होता. त्याच्या पायाखाली मी तेल ओतीन?"

रडणाऱ्यावर विश्वास ठेवावासा वाटतो, म्हणूनच माधवीबाई जरा सांभाळून होत्या.

हिलाल महाजन मैदानाच्या पायऱ्यांवर भेटले. पन्नाशीचा माणूस. एके काळी जळगावकडून खेळलेला. अंगात ट्रॅकसूट, पण खांदे म्हाताऱ्यासारखे पडलेले.

"सर, तुम्ही सगळ्यांत आधी पोचलात. गोपाल इतक्या सकाळी एकटाच सरावाला आला होता?"

"मी त्याला आराम करायला सांगितलं होतं. तरी आला."

"आराम कशासाठी?"

"थकला होता. स्पर्धा संपल्यावर थकतात पोरं."

माधवीबाईंनी मैदानाकडे पाहिलं. तेलाचा डाग अजून तसाच होता. पोलीस येतील म्हणून त्याच्याभोवती विटा मांडून ठेवल्या होत्या. त्या वाकल्या. डाग गोल होता. एका बाजूने कोपर टेकल्यासारखा फराटा होता, पण घसरलेल्या पावलाने तेल लांबवर ओढत न्यावं तशी रेघ कुठेच नव्हती.

"आणखी एक," त्या उठत म्हणाल्या. "अंतिम सामन्यात मी पंच होते. गोपाल उजव्या हाताचा खेळाडू. ले-अप घेताना, धावत येऊन रिंगमध्ये बॉल टाकताना, तो नेहमी डाव्या पायावर उडी मारायचा, सगळेच मारतात तशी. त्या दिवशी मात्र प्रत्येक वेळी उजव्या पायावर मारत होता. मला वाटलं, लोकांना खेळवतोय. का हो, सर?"

हिलालसरांच्या हातातली शिट्टी बोटांत फिरत होती, ती थांबली.

"नवीन काहीतरी करून बघत असेल," ते म्हणाले आणि उठून चालू लागले.

माधवीबाईंनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. ह्या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती, हे त्या पाठीवरून कळत होतं.

४

लिंबायतच्या एका खोलीत गोपालची बायको छाया दवाखान्यात न्यायला डबा भरत होती. माधवीबाईंना तिने घरातली एकुलती एक खुर्ची दिली.

"गोपालची आणि सुपडूची कधी भांडणं?"

"सुपडूभाऊशी? नही वं बाई." छायाच्या मराठीत खानदेश मधूनच डोकावायचा. "रविवारी इथेच जेवला. दोघं हसत होते. म्हणजे तो हसत होता. हे ट्रंकेवर बसून गुपचूप जेवले."

"ट्रंकेवर? पंगतीला नाही बसला?"

"आताशा खाली बसतच नव्हते. विचारलं तर म्हणायचे, सरांनी सांगितलंय, खेळाडूने मांडी घालू नये."

माधवीबाईंनी जपून पुढचा प्रश्न विचारला. "किती दिवसांपासून?"

"उतराणीच्या आधीपासून. त्या दुसऱ्या मिलसोबत सामना झाला ना, अंतिमच्या आधीचा, त्यानंतर." छाया थांबली. "गुडघ्याला सारखा पट्टा. रात्रीसुद्धा काढायचे नाहीत. दवाखान्यात पॅन्ट कापली, पट्टा काढला, तेव्हा मी पाहिलं. सगळा गुडघा पिवळाहिरवा. पिकल्या लिंबासारखा."

"तो पडला त्याच दिवशी तू पाहिलंस?"

"हो. तासाभरातच."

माधवीबाईंनी आयुष्यात शेकडो पोरांचे गुडघे, कोपरं फुटलेली पाहिली होती. ताजा मार लाल असतो, मग काळानिळा होतो. पिवळाहिरवा व्हायला आठवडा लागतो.

"त्याचे बूट कुठे आहेत, छाया?"

छायाने कोपऱ्यातली प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. "दवाखान्यातून आणले तसेच ठेवेल. मी हातबी लायेल नही."

माधवीबाईंनी दोन्ही बूट उलटे केले. तळव्यांच्या खाचांत मैदानाची पांढरी धूळ भरलेली होती. पिशवीत खाली सदरा होता. त्याच्या बाहीला कोपरापाशी तेलाचा मोठा डाग. त्यांनी बुटांवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, पुन्हा फिरवलं.

तेल कोपराला होतं. तळव्याला तेलाचा थेंब नव्हता.

माणूस तेलावरून घसरतो तेव्हा आधी त्याचा पाय तेलात पडतो. गोपाल बोरसे घसरलाच नव्हता.

५

दवाखान्यात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. गुडघ्याचे बंध तुटले होते. "पण एकाच दिवसात नव्हे," ते म्हणाले. "अर्धे आधीच तुटलेले होते. त्यावर हा माणूस खेळत राहिलाय. कसा, ते देव जाणे. परवा जे उरलं होतं तेही गेलं."

गोपाल खिडकीजवळच्या खाटेवर होता. सहा फूट तीन इंचांचा देह, एक पाय दोरीने वर टांगलेला.

माधवीबाई स्टुलावर बसल्या. "सुपडूला उद्या पोलिसात देणार आहेत."

गोपालने मान झटकन वळवली. "सुपडूला? का?"

"त्याची बुधली खांबामागे सापडली. तुला कुणी सांगितलं नाही?"

त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं. त्याने टांगलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बुधली परत नेऊन ठेवणार होतो, बाई. तेल म्हणजे तेल. मिलमध्ये कुठेही सांडतं. कुणाचं नाव येणार नव्हतं. पण पडल्यावर उठताच आलं नाही."

"तूच ओतलंस."

"मीच. नुसतं अलगद पडायचं होतं. तेलाशेजारी बसायचं आणि ओरडायचं, एवढंच. पण बसताना गुडघा आतल्या आत वळला, आणि कट्‌ असा आवाज आला." त्याने ओठ चावला. "तो आवाज मी ओळखला."

माधवीबाईंनी स्टूल खाटेजवळ ओढलं. त्याचं त्यानेच बोलायला हवं होतं.

"उपांत्य सामन्यात लागलं होतं, बाई. शेवटच्या मिनिटाला, गर्दीत. तुम्ही त्या सामन्याला नव्हता. मी मैदानाबाहेर येऊन किरीटभाईंना सांगितलं, पाय गेला. ते म्हणाले, आत्ता बोलू नको. मंडळाकडे नोंद झाली तर अंतिम सामना खेळता येणार नाही, करंडक जाईल. तू खेळ, मग तुझा पाय मिलचा पाय. कंपाउंडर रोज सुई टोचायचा. सामन्याच्या दिवशी दोनदा. जिंकलो. सोमवारी कचेरीत गेलो, म्हटलं आता उपचारांचं बघा. तर किरीटभाई हसले. म्हणाले, अरे, अख्ख्या सुरतने तुला अंतिम सामन्यात धावताना पाहिलं. टपावर मिरवताना पाहिलं. पाय मोडलेला माणूस टपावर चढतो का? महिनाअखेर करार संपतोय तुझा. लुधियान्याचा आलाय."

"दुसऱ्या मिलमध्ये का गेला नाहीस?"

"असल्या पायाने? आणि पाय धड होता तेव्हाही कोण घेणार होतं? सगळ्यांचे पगार मर्यादेला टेकलेले. आपसात ठरवलेलं, एकमेकांचा माणूस घ्यायचा नाही." तो हसल्यासारखं करून थांबला. "खेळून मोडलेला पाय त्यांना दिसला नाही. म्हटलं, सरावात तेलाने मोडलेला तरी दिसेल."

दारात डबा घेऊन छाया उभी होती. ती कधी आली होती, कुणालाच कळलं नव्हतं. तिने डबा खाली ठेवला आणि पदराने तोंड दाबून ती बाहेर निघून गेली.

"गोपाल," माधवीबाई हळूच म्हणाल्या, "मी खरं सांगितलं तर सुपडू सुटेल. पण तुझा हक्क जाईल. उपांत्य सामन्याचं कुणी कबूल केलं नाही, तर तू नुसताच खोटारडा ठरशील."

"सुपडूची आई धुणीभांडी करते, बाई," गोपाल म्हणाला. "सांगून टाका."

६

मंडळाची बैठक अंबर मिलच्या कचेरीतच झाली. अध्यक्ष धनसुखभाई मध्ये, त्यांच्या उजवीकडे किरीटभाई, समोर बाकावर सुपडू आणि हिलालसर.

माधवीबाईंनी फार वेळ लावला नाही. डागात घसरल्याची रेघ नव्हती. बुटाचे तळवे कोरडे होते, तेल फक्त बाहीला होतं. तो पडल्यावर तासाभरात गुडघा पिवळाहिरवा होता, म्हणजे मार जुना होता. अंतिम सामन्यात हा खेळाडू डाव्या पायावर भार टाकत नव्हता. घरी खाली बसत नव्हता. "तेव्हा सुपडूने कुणाचाही पाय मोडलेला नाही. पाय आधीच मोडला होता. तेल गोपालने स्वतः ओतलं."

सुपडूच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. सुटल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता.

किरीटभाईंना सावरायला एक क्षण लागला. "पाहिलं, साहेब? फसवणूक! मिलला फसवायला निघाला होता."

"पाय कुठे मोडला ते विचारा आधी," माधवीबाई म्हणाल्या. "उपांत्य सामन्यात. आणि किरीटभाईंना ते त्याच संध्याकाळी माहीत होतं."

"खोटं! पतंगाच्या नादात घराच्या गच्चीवर पडला असेल. साक्षीदार कोण?"

कंपाउंडर दोन दिवसांपूर्वीच रजेवर गावी गेला होता. माधवीबाईंनी हिलालसरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. किरीटभाईसुद्धा त्यांच्याकडेच बघत होते, पण निवांतपणे. हिलालसरांची खोली मिलची, पगार मिलचा.

"सर," सुपडू एकदम म्हणाला, "त्या सामन्यात दादा बाहेर आला, तेव्हा तुम्ही तिथंच होता ना?"

हिलालसर उठले. उभं राहताना त्यांनी बाकाचा आधार घेतला.

"मी होतो," ते म्हणाले. "गोपालने दोघांनाही सांगितलं. किरीटभाईंनी कंपाउंडरला बोलावलं आणि सुई देताना पाय मी धरून ठेवला. पोरगा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, एकच सामना, गोपाल. मला करंडक हवा होता, साहेब. तीस वर्षांत मी एकही जिंकला नव्हता."

धनसुखभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग त्यांनी निकाल दिला. सुपडू निर्दोष. गोपालच्या शस्त्रक्रियेचा खर्च मंडळ माणुसकी म्हणून करील. पण त्याने मंडळाची फसवणूक केली, म्हणून कराराचा हक्क त्याला राहणार नाही. किरीटभाईंना समज देण्यात येत आहे.

"समज?" माधवीबाईंनी विचारलं. "पाय मोडणाऱ्याला समज आणि ज्याचा मोडला त्याला शिक्षा?"

"बेन, तेल त्याने ओतलंच ना?" धनसुखभाई थकल्या आवाजात म्हणाले. "ते मी कसं पुसू?"

ते तेल माधवीबाईंनीच सिद्ध केलं होतं.

७

शस्त्रक्रिया झाली. गोपाल कुबडीवर चालू लागला; पुढे काठीवर येईल, डॉक्टर म्हणाले. खेळायचं नाव काढू नका. हिलालसर मिलची खोली सोडून जळगावला निघून गेले. जाताना दवाखान्यात येऊन गेले, पण दोघं काय बोलले ते छायालाही कळलं नाही.

उन्हाळा लागला तेव्हा बोरशांचं सामान बांधून झालं. पारोळ्याकडे छायाच्या भावाचं किराणा दुकान होतं. तिथे गल्ल्यावर बसायचं ठरलं होतं. माधवीबाई निरोप द्यायला गेल्या. खोलीत गोपाल ट्रंकेवर बसला होता आणि समोर जमिनीवर, मान खाली घालून, सुपडू.

"सांग की बाईंना," गोपाल म्हणाला.

सुपडूने वर पाहिलं नाही. "लुधियान्याचा परत गेला, बाई. त्याला एवढ्या पगारात परवडेना. किरीटभाईंनी मला बोलावलं. करार झालाय. दादाच्या जागी." त्याचा आवाज चिरकला. "दादाच्या निम्म्या पगारात. मी सही केली. घरी आई..."

"मीच म्हटलं कर म्हणून," गोपाल मध्येच बोलला. "हात चांगला आहे त्याचा. बाकावर सडून काय करील?"

माधवीबाईंना काहीतरी बोलायचं होतं. करार नीट वाचला का, असं काहीतरी. पण सुपडूच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी दाराशी ठेवलेली एक पिशवी उचलली.

खाली रिक्षा आली. छायाने हाक मारली. सुपडूने ट्रंक उचलायला हात घातला, तेव्हा गोपालने कुबडी बाजूला सारून त्याचं मनगट धरलं. मोठा, रुंद पंजा. त्यात अख्खा बॉल मावायचा.

"एक ध्यानात ठेव," तो म्हणाला. "लागलं तर उठू नको. कुणीही सांगू दे, सर सांगू दे, मॅनेजर सांगू दे, पब्लिक टाळ्या वाजवू दे. पंच येऊन सगळ्यांसमोर बघेपर्यंत तसाच पडून राहा."

सुपडूने मान हलवली.

"नुसती मान नको हलवू. बोल."

"नाही उठणार, दादा."

गोपालने त्याचं मनगट सोडलं आणि भिंतीला धरून, एका पायावर, तो स्वतः उभा राहू लागला.